स्वतःसारखं गाण्याचा गुन्हा

१९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात एक माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला होता. आरोप गाणं चोरल्याचा. गंमत अशी की ज्या गाण्यातून चोरी झाली म्हणतात ते त्यानंच १९७० साली लिहिलेलं, आणि चोरून केलं म्हणतात तेही त्यानंच, १९८५ साली. मधल्या काळात पहिल्या गाण्याचा मालक दुसरा झालेला होता. त्या मालकाचं म्हणणं, तुझं नवं गाणं आमच्या जुन्या गाण्यासारखं वाजतं. मग ज्यूरीसमोर त्यानं गिटार वाजवून दाखवली. मी कशी धून बांधतो, माझा हात कुठे वळतो, माझी चाल माझ्यासारखी का लागते, हे सगळं. ज्यूरीला पटलं. माणूस स्वतःची नक्कल केल्याच्या आरोपातून सुटला.

हा जॉन फोगर्टी. ज्यांना नाव ओळखीचं वाटत नाही त्यांनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल, म्हणजे सी.सी.आर., हे नाव ऐकलं असेल, आणि तेही ऐकलं नसेल तर ‘प्राउड मेरी’ किंवा ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ तरी कुठल्या ना कुठल्या गच्चीवर कुणाच्या ना कुणाच्या गिटारवर नक्की ऐकलं असेल.

खटला जिंकला तरी वकिलांची बिलं होतीच. तेरा लाख डॉलरच्या वर. तेव्हाची त्या भागातल्या कोर्टांची रीत अशी होती, की कॉपीराइटच्या दाव्यात फिर्यादी जिंकला तर त्याला वकिलाचा खर्च जवळजवळ हक्कानं मिळायचा. पण ज्याच्यावर दावा लावलाय तो जिंकला तर त्याला आधी सिद्ध करावं लागायचं की समोरच्यानं दावा निव्वळ खोडसाळपणे लावला होता. फोगर्टी यावरही भांडला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ साली तिथेही जिंकला: दोन्ही बाजूंना एकच माप. अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या पोरांना तो ‘फोगर्टी विरुद्ध फँटसी’ या खटल्याच्या नावानं ठाऊक असतो; फँटसी म्हणजे जुन्या गाण्याची मालक असलेली ती रेकॉर्ड कंपनी. रॉक गायकाला अमर होण्याचे बरेच मार्ग असतात, त्यातला हा सगळ्यात रुक्ष म्हणायचा.

हाच फोगर्टी आता ऐंशी ओलांडून गेलाय, आणि या उन्हाळ्यात आमच्या बाजूला गायला येतोय. मी तिकीट काढलंय. बायको म्हणाली, ‘एवढ्या पैशात पुण्याला फोन करून तुझ्या त्या मित्राकडून ऐकलं असतंस.’ तिला सगळा इतिहास माहीत आहे.

इतिहास म्हणजे नव्वदच्या दशकातलं पुण्याचं हॉस्टेल. आमच्यात एक नाशिकचा होता, त्याच्याकडे गिटार होती आणि तिच्यावर त्याला मोजून चारपाच कॉर्ड येत होते. सी.सी.आर.ची निम्मी गाणी तेवढ्यात बसतात, हे त्याच्या पथ्यावर पडलं. जुलै-ऑगस्टमध्ये वीज गेली की तो ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ काढायचा. आमच्या दृष्टीनं ते पावसाचं गाणं. ऊन असताना पडणारा पाऊस पाहिलायस का, असं विचारणाऱ्या माणसाला श्रावण ठाऊकच असणार, अशी आमची खात्री. कुणीतरी सांगितलं की ते व्हिएतनामवर पडणाऱ्या बॉम्बबद्दल आहे. तेही आम्ही मान्य केलं, कारण त्या वयात कुठलंही गाणं युद्धाविरुद्ध असलं की जास्त भारी वाटतं. फोगर्टीनं स्वतः सांगितलेला अर्थ मला कितीतरी वर्षांनी कळला. ते बँडबद्दल होतं. चार जण जगातल्या सगळ्यात यशस्वी बँडमध्ये होते, पैसा होता, नाव होतं, आभाळ निरभ्र होतं, आणि घरात मात्र पाऊस लागलेला. त्यात थोरला भाऊ निघून चालला होता.

पण ते पुढे. आधी एल सेरिटो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, बर्कलीजवळ एल सेरिटो नावाचं छोटं गाव आहे. मी कामासाठी या भागात राहायला आलो तेव्हा तिथून गाडी काढताना पहिल्यांदा जरा फसवल्यासारखंच वाटलं. फोगर्टीच्या गाण्यांत लुइझियानाची दलदल असते, नदीवरच्या चाकाच्या बोटी असतात, बेडकांचा आवाज, झाडांवरून लोंबणारं शेवाळ. त्याचा उच्चारही तिकडचा. आणि हा गडी वाढलाय कुठे, तर डोंगरउतारावरच्या नीटनेटक्या उपनगरात, जिथून समोर गोल्डन गेटचा पूल दिसतो! ‘प्राउड मेरी’ लिहिलं तेव्हा त्यानं ते दक्षिणेतलं पाणी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. ‘लोडाय’ हे मात्र जवळचं, इथून तासदीड तासावरचं गाव. अडकून पडलेल्या, परतीच्या भाड्यालाही महाग झालेल्या गायकाचं गाणं त्यानं त्या गावाच्या नावावर लिहिलं. पण तिथेही तो तोवर गेला नव्हता. नाव कानाला बरं वाटलं म्हणून घेतलं. मला हे आवडतं. अनुभव घेतल्याशिवाय लिहू नये म्हणणाऱ्यांना दाखवायला हा माणूस बरा आहे.

पाच भावांतला तिसरा. आईवडिलांचं पटलं नाही, वडील घर सोडून गेले. तीनचार वर्षांचा असताना आईनं त्याला लहान मुलांसाठीची एक रेकॉर्ड आणून दिली. एका बाजूला ‘ओ सुझॅना’, दुसऱ्या बाजूला ‘कॅम्पटाउन रेसेस’. आणि ती देताना एक गोष्ट सांगितली, जी साधारणपणे कुणी एवढ्या लहान पोराला सांगत नाही: ही दोन्ही गाणी स्टीफन फॉस्टर नावाच्या माणसानं लिहिलीत. गाणी आभाळातून पडत नाहीत, ती कुणीतरी बसून लिहितं, हे त्याला त्या वयात कळलं. त्यानं ही आठवण पुढे कितीदा तरी सांगितली आहे.

आईनं पुढचं सांगितलं होतं की नाही कोण जाणे. फॉस्टर हा अमेरिकेचा पहिला मोठा गीतकार. देशभर त्याची गाणी वाजत होती, आणि १८६४ साली तो न्यूयॉर्कमध्ये गेला तेव्हा त्याच्या पाकिटात ३८ सेंट होते.

शाळेत जॉनला डग क्लिफर्ड आणि स्टू कुक भेटले. डग ड्रम वाजवी, स्टू आधी पियानो आणि मग बेस. थोरला भाऊ टॉम चार वर्षांनी मोठा आणि मुळात तोच गायक. सुरुवातीला बँडच्या नावात त्याचंच नाव पुढे होतं. धाकट्याच्या घशातून तो खरवडणारा, ओरडून कातर झालेला आवाज निघायला लागला तेव्हा टॉमनं स्वतःहून माइक सोडला. हे किती मोठं दान होतं याचा विचार मी फार उशिरा केला. आपल्याकडे धाकट्यासाठी थोरल्यानं शिक्षण सोडल्याच्या कथा घरोघर असतात, आणि त्यांचा शेवट बहुतेक वेळा वाटणीच्या वेळी होतो.

१९६४ साली त्यांनी फँटसी रेकॉर्ड्स या छोट्या जॅझ कंपनीशी करार केला. कंपनीनं त्यांना न विचारता ‘गॉलिवॉग्ज’ (काळ्या माणसाची टर उडवणारी बाहुली) असं एक भयंकर नाव चिकटवलं. मग जॉनला सैन्याचं बोलावणं आलं. तो राखीव दलात भरती झाला म्हणून व्हिएतनाम टळलं. १९६८ साली मोकळीक मिळाल्याचा कागद हातात पडला, आणि त्याच आनंदात गिटार घेऊन बसल्यावर ‘प्राउड मेरी’ची सुरुवात झाली. त्याच्याकडे एक वही होती, तिच्यात तो नुसती शीर्षकं टिपून ठेवायचा, आणि तिच्यातली पहिली नोंद हीच, दोन शब्दांची. गाण्याच्या तोंडाशी जे कॉर्ड धाडधाड उतरतात ते बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीच्या ठोक्यावरून सुचले, असं तो सांगतो.

तोवर फँटसी विकली गेली होती. १९६७ साली ती सॉल झेंट्स नावाच्या माणसानं साथीदारांसह घेतली. बँडला नवं नाव मिळालं आणि नवा करारही. त्या पोरांच्या बाजूनं वकील नव्हता. मोठे झालात की करार फाडून नवा करू, असा शब्द झेंट्सनं दिला होता, असं फोगर्टीचं म्हणणं. शब्दाला साक्षीदार नसतो.

मग १९६९. या एका वर्षात सी.सी.आर.नं तीन अल्बम काढले. मी हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं, तरी खोटंच वाटतं. ‘बायू कंट्री’, ‘ग्रीन रिव्हर’, ‘विली अँड द पुअर बॉइज’. ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘लोडाय’, ‘फॉर्च्युनेट सन’, सगळं त्या बारा महिन्यांतलं. बाकीचे बँड तेव्हा वीसवीस मिनिटांचे सूर लावून ध्यानस्थ होत होते; हे अडीच मिनिटांत सांगायचं ते सांगून बाजूला. ‘फॉर्च्युनेट सन’ तर वीस मिनिटांत लिहिलेलं. १९६८च्या डिसेंबरात निक्सनच्या मुलीचं लग्न आयझनहॉवरच्या नातवाशी लागलं, आणि ते पाहून फोगर्टीच्या डोक्यात आलं की ही पोरं काही लढाईवर जायची नाहीत. गाणं सरळ वर्गाचं आहे, कुणाची पोरं मरतात आणि कुणाची नाही याचं. तरीही पन्नास वर्षांनंतरही ते देशभक्तीचं गाणं समजून वाजवणारे भेटतात. २०२० साली ट्रम्प यांच्या प्रचारसभांत ते वाजलं तेव्हा फोगर्टीनं नोटीस पाठवली. पहिलं कडवं ऐकूनच बहुधा लोक पुढचं ऐकत नसावेत. ध्वजाचा उल्लेख त्यातच आहे.

वुडस्टॉकच्या त्या गाजलेल्या संगीत महोत्सवातही ते होते. पण ते रंगमंचावर चढले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आधीच्या बँडनं खूप लांबवलं होतं, आणि समोर चिखलात माणसं झोपलेली. अंधारात दूर कुणीतरी लायटर पेटवून ओरडलं, काळजी करू नकोस जॉन, आम्ही आहोत. फोगर्टी सांगतो की उरलेलं सगळं मी त्या एका माणसासाठी गायलो. आणि मग आपलं गाणं चांगलं झालं नाही म्हणून महोत्सवावरच्या त्या प्रसिद्ध चित्रपटात ते घेऊ दिलं नाही. कुक आणि क्लिफर्ड आजवर म्हणत आलेत की त्या रात्री आपण उत्तम वाजवलं होतं. ती ध्वनिफीत २०१९ साली बाहेर आली. ऐकून पाहा, मी त्या दोघांच्या बाजूचा आहे.

इथेच खरी गाठ आहे. फोगर्टी सगळं ठरवायचा. गाणी त्याची, चाली त्याच्या, मुख्य आवाज त्याचा, मागचे आवाजही रेकॉर्डिंगमध्ये तोच भरायचा, बँडचा मॅनेजरही तोच. ‘वन्स मोअर’ला परत रंगमंचावर यायचं नाही हा नियमही त्याचा. यश येत होतं तोवर कुणी बोललं नाही. लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत त्यांची गाणी पाच वेळा दुसऱ्या क्रमांकावर पोचली, पहिल्यावर एकदाही नाही. एखाद्या बँडच्या नशिबाचा एवढा नेमका हिशेब क्वचितच सापडतो. १९७१च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. उरलेल्या दोघांना जॉन म्हणाला, आता सगळे सारखे, तुम्हीही आपापली गाणी लिहा आणि गा. तो मोठेपणा होता की सूड, यावर दोन्हीकडच्यांचं आजही एकमत नाही. त्यातून १९७२ साली ‘मार्डी ग्रा’ हा अल्बम निघाला, समीक्षकांनी तो सोलून काढला, आणि त्याच वर्षी बँड संपला. अवघी चार वर्षं.

करार मात्र संपला नव्हता. फँटसीला अजून कितीतरी गाणी देणं बाकी होतं, आणि गाण्यांची मालकी त्यांच्याकडेच होती. पुढे बँडनं कंपनीच्या सल्ल्यानं बहामाच्या ज्या बँकेत पैसे ठेवले होते तीही बुडाली. सुटका करून घेण्यासाठी फोगर्टीनं शेवटी सी.सी.आर.च्या रेकॉर्डच्या विक्रीवरचा गायक-वादक म्हणून मिळणारा आपला वाटा सोडून दिला. गीतकाराचा वाटा राहिला, तेव्हा तो काही रस्त्यावर आला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण १९७६ साली त्याचा एक अल्बम त्याच्या नव्या कंपनीनं नाकारला, त्यानं त्या ध्वनिफिती नष्ट करायला सांगितल्या आणि त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं त्याच्याकडून काही आलं नाही. रोज एका खोलीत जाऊन तो एकट्यानं ड्रम, बेस, सॅक्सोफोन वाजवत बसायचा. ज्याला तीन माणसं सांभाळता आली नाहीत त्यानं चारही माणसं स्वतःच व्हायचं ठरवलं होतं. तसे प्रयोग त्यानं आधीही केले होते. १९७३ साली ‘ब्लू रिज रेंजर्स’ नावाचा अख्खा कंट्री बँड, जुन्या कंट्री आणि गॉस्पेल गाण्यांचा, त्यानं एकट्यानं वाजवून काढला होता. मला तो अल्बम फार आवडतो. पण बँडच्या नावात अनेकवचन आणि आत एकच माणूस, हे जरा अंगावर येतं.

१९८५चा ‘सेंटरफिल्ड’ही असाच एकट्याचा. तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्याच ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’वरून तो खटला उभा राहिला. दुसऱ्या एका गाण्यात पाकीटमार डुकराची गोष्ट होती आणि डुकराचं नाव झेंट्सच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं होतं की अब्रूनुकसानीचाही दावा झाला. फोगर्टीनं नावातलं एक अक्षर बदललं. हे सगळं त्याच्या वयाला शोभणारं होतं असं मी म्हणणार नाही.

आणि झेंट्स? त्यानं चित्रपट काढले. ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’, ‘अमाडेयस’, ‘द इंग्लिश पेशंट’, तिन्हींना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. ‘अमाडेयस’ माझ्या अत्यंत लाडक्या चित्रपटांतला. त्यामागच्या पैशात ‘प्राउड मेरी’चाही पैसा होता हे कळल्यावर मी तो परत पाहिला आणि तितकाच आवडला. यावर काय करायचं मला कळलेलं नाही.

या सगळ्या काळात फोगर्टीनं आपली जुनी गाणी गाणंच बंद केलं होतं. मी गायलो की पैसा झेंट्सला जाणार, म्हणून गाणार नाही. लोक ‘प्राउड मेरी’ म्हणून ओरडायचे आणि हा नव्या अल्बममधलं काहीतरी सुरू करायचा. १९८७च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमधल्या पॅलोमिनो क्लबात ताज महाल या ब्लूज गायकाचा कार्यक्रम होता. तिथे बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन आले होते, फोगर्टीही होता. सगळे मिळून रंगमंचावर चढले. डिलन त्याला म्हणाला, तू ‘प्राउड मेरी’ गायलं नाहीस तर लोकांना ते टीना टर्नरचं गाणं वाटेल. तेव्हा तो गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातही गायला. आणि मग पुन्हा थांबला! हट्ट म्हणजे हट्ट.

तो सुटला मिसिसिपीत. १९९०च्या सुमारास तो तिकडे जुन्या ब्लूज गायकांच्या गावांतून भटकत होता. रॉबर्ट जॉन्सनच्या थडग्यापाशी उभं राहिल्यावर त्याच्या मनात आलं, की याच्या गाण्यांचे हक्क आज कुठल्यातरी उंच इमारतीतल्या वकिलाकडे असतील. पण गाणी कुणाची? रॉबर्ट जॉन्सनचीच ना? मग माझीही माझीच. तिथून परत आल्यावर तो आपली गाणी गाऊ लागला. (जॉन्सनच्या नावाचे दगड त्या भागात तीन ठिकाणी आहेत, आणि खरं थडगं कुठलं यावर वाद आहे. मालकीचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.)

मराठी माणसाला हा प्रसंग वाचून तुकोबा आठवणारच. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की विषय संपला. वह्या इंद्रायणीत टाकल्या तरी लोकांच्या तोंडून परत वर येतात. मी बरीच वर्षं हेच उदाहरण इथल्या मित्रांना देऊन त्यांना गप्प करायचो. पण त्यात एक खोट आहे. तुकोबांना अभंगावर पोट भरायचं नव्हतं. आणि ती मुद्रा इतकी कुणाचीही झाली की दुसऱ्यांनी आपले अभंग तिच्याखाली खपवले. गाथेतले खरे कुठले आणि घुसडलेले कुठले याची छाननी करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. नुसत्या नावावर भागत नाही, कागद लागतोच. मुंबईच्या चित्रपटसृष्टीनं हे चांगलं पाहिलंय. लताबाई आणि रफीसाहेब रॉयल्टीच्या मुद्द्यावरून काही वर्षं एकत्र गायले नाहीत. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हा कुठे गीतकार-संगीतकाराला आपली रॉयल्टी निर्मात्याच्या नावे कायमची लिहून देण्याच्या सक्तीतून सोडवलं गेलं.

२००४ साली काँकॉर्ड या कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि पहिलं काम केलं ते फोगर्टीचा सोडलेला वाटा परत सुरू करण्याचं. २०१४ साली झेंट्स वारला. आणि २०२३च्या जानेवारीत, वयाच्या ७७व्या वर्षी, फोगर्टीनं काँकॉर्डकडून आपल्या गाण्यांच्या हक्कांतला मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे स्वतःची गाणी पैसे मोजून घेतली. यामागे त्याची बायको ज्यूली होती. व्यवहाराचं सगळं तिनं पाहिलं. पन्नास वर्षं जो माणूस मुलाखतीत त्या कराराचं नाव निघालं की कडवट व्हायचा, तो त्यानंतरच्या मुलाखतींत चक्क हसतो.

पण यातही एक मेख आहे. गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, त्याचं झालं. १९६९ साली स्टुडिओत वाजवून ठेवलेल्या मूळ ध्वनिफिती मात्र अजून कंपनीच्याच आहेत. हे दोन हक्क वेगळे. म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये त्यानं ‘लेगसी’ हा अल्बम काढला: सी.सी.आर.ची २० गाणी नव्यानं, मुलगे शेन आणि टायलर यांना सोबत घेऊन, प्रत्येक गाण्यापुढे ‘जॉन्स व्हर्जन’ असं लिहून. टेलर स्विफ्टनं जे केलं तेच, फक्त आजोबांच्या वयात.

अल्बम आला त्या दिवशी मी लिंक नाशिकला पाठवली. तासाभरात उत्तर: ‘आवाज ऐंशीच्या मानानं अफाट आहे. पण हे ते नाही. ड्रम ऐक.’ मी ऐकले. मुलांनी एकेक आवाज जुन्याशी जुळवून घेतलाय, गिटार तंतोतंत आहे, आणि तरी क्लिफर्डचा तो किंचित रेलून पडणारा, घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं घोटलेला ठोका त्यात नाही. मित्राचं म्हणणं, ढोलकीवाला बदलला की लावणी तीच राहत नाही, मग शाहीर कुणी का असेना. मी त्याच्याशी तासभर भांडलो. खरं तर मला त्याचं पटलं होतं.

कारण फोगर्टीची बाजू घेत घेत मी इतकी वर्षं एक गोष्ट टाळत आलोय. १९९३ साली सी.सी.आर.ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. टॉम १९९० सालीच वारला होता. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी चढवलेल्या रक्तातून एड्स झाला, त्यात क्षयरोग. टॉम शेवटपर्यंत झेंट्सला आपला मित्र म्हणत राहिला, आणि भावाभावांत पुरतं कधी मिटलं नाही. उरले कुक आणि क्लिफर्ड. ते त्या संध्याकाळी सभागृहात होते. फोगर्टी गायला ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसनबरोबर. कुक आणि क्लिफर्डला त्यानं आपल्याबरोबर वाजवू दिलं नाही. गाणं लिहिणारा कोण हे त्याला तीन वर्षांच्या वयापासून ठाऊक होतं. गाणं वाजवणारे कोण, हे त्यानं शेवटपर्यंत दुय्यम मानलं. झेंट्सकडे कागद होता म्हणून त्याला वाटलं आपण मालक. फोगर्टीकडे वही होती, म्हणून त्यालाही. त्याच्या आत्मचरित्रात कुक आणि क्लिफर्डविषयी जे आहे ते मी अर्ध्यात मिटून ठेवलं होतं, नंतर नेटानं पुरं केलं.

मग तिकीट कशाला काढलंस? बायकोनं हाही प्रश्न विचारला.

एक तर त्या गिटारसाठी. १९६९ साली त्याच्याकडे एक छोटी रिकनबॅकर होती, तिच्या डोक्यावर त्यानं ‘ॲक्मे’ असं लिहून घेतलेलं. बँड फुटल्यावर, सगळ्याचाच वीट आलेला असताना, एका बारा वर्षांच्या पोरानं मागितली आणि यानं देऊन टाकली. पुढे ती हातोहात फिरत राहिली. चाळीसहून जास्त वर्षांनी ज्यूलीनं ती शोधून, विकत घेऊन नाताळला त्याच्यासाठी झाडाखाली ठेवली. आता तो कार्यक्रमात ती गळ्यात अडकवतो आणि ही गोष्ट सांगतो. दर वेळी सांगतो, दर वेळी त्याचा आवाज जरा ओला होतो. चौकड्यांचा शर्ट, गळ्यात रुमाल, आणि दोन्ही बाजूंना मुलगे. ‘सेंटरफिल्ड’ला तो बेसबॉलच्या बॅटच्या आकाराची गिटार घेतो, ते मला जरा पोरकट वाटतं, पण चालायचंच. ‘बॅड मून रायझिंग’मधली एक ओळ लोकांना चुकीची ऐकू येते, उजवीकडे संडास आहे अशी; तर हा कधीकधी मुद्दाम तशीच गातो. कोर्टकज्ज्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला एवढी थट्टा सुचते याचं मला बरं वाटतं.

आणि दुसरं म्हणजे मला ‘लोडाय’ ऐकायचंय. ते तो बहुधा दर वेळी गात नाही. तेवीस वर्षांच्या पोरानं न पाहिलेल्या गावावर, न आलेल्या अपयशावर लिहिलेलं गाणं. ते अपयशाची नऊ वर्षं प्रत्यक्ष काढून आलेला ऐंशीपुढचा माणूस कसं गातो ते पाहायचंय. तेवढं झालं तर पैसे वसूल.

नाशिककराला मी कार्यक्रमाचं सांगितलं तेव्हा त्यानं ‘जॉन्स व्हर्जन’वरची सगळी टीका गिळली आणि एकच मागणी केली: पावसाचं गाणं सुरू झालं की व्हिडिओ कॉल लाव. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच्याकडे सकाळचे दहा, बँक उघडायची वेळ. आणि तो आता शाखेचा मॅनेजर आहे. काय करशील विचारलं, तर म्हणाला, ‘केबिन कशाला दिलीय मग?’